डागांची वही

मावशींनी जन्मात एकही फुटबॉलचा सामना पाहिला नव्हता. तरीसुद्धा क्लबाच्या संघात कोण खरं राबतं आणि कोण नुसतं मिरवतं, हे त्यांच्याइतकं नेमकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांचं काम कपडे धुण्याचं. एकोणीस वर्षं दर सोमवारी सकाळी क्लबाचं पोतं त्यांच्या दुकानाच्या पायरीवर येऊन पडायचं आणि त्यातून सोळा जर्सी, सोळा चड्ड्या आणि मोज्यांचा एक ढीग निघायचा. मोजे सम संख्येत आले असं एकोणीस वर्षांत तीनदाच घडलं होतं.

सामना रविवारी दुपारी, आणि खानावळीतली टेबलांवरची कापडंही मावशींकडे रविवारी दुपारीच यायची. त्यामुळे सामन्याला जायचे ते त्यांचे यजमान. ते निवृत्त बसचालक. आता दुकानात इस्त्री करत. मावशींचे यजमान म्हणून खरं तर पोरांनी त्यांना मावसोबा म्हणायला हवं होतं, पण सगळा संघ त्यांना काका म्हणायचा, आणि मावशी-काका अशी ही जोडी नात्यांचा हिशेब न बघता सुखाने नांदत होती. सामन्याहून परतताना काकांचा घसा बसलेला असे. त्या बसलेल्या घशाने ते जे वर्णन करत, त्यात आपला प्रत्येक खेळाडू निदान तीनदा जमीनदोस्त होऊन पुन्हा उठलेला असे. काकांच्या सांगण्यातला बारा आणे भाग वजा करायचा, ही मावशींची सवय लग्नाइतकीच जुनी होती.

त्यांचा स्वतःचा भरवसा डागांवर. प्रत्येक डागाची तऱ्हा वेगळी. चिखल आधी पूर्ण वाळू द्यायचा, मग ब्रशने झटकायचा, मग थंड पाणी; ओला चिखल चोळला की तो धाग्यात शिरतो आणि जाता जात नाही. रक्ताला थंड पाणी आणि मीठ. गवताला व्हिनेगर. मैदानावर रेषा मारतात त्या चुन्याचा डाग कोरडाच झटकायचा, कारण चुना भिजला की कापडही खातो आणि हातही. सोळा जणांचं इतकं सगळं ध्यानात कसं राहणार? म्हणून पोतं उघडलं की मावशी सगळ्या जर्सी मागच्या अंगणातल्या तारेवर नंबरवार टांगायच्या आणि वहीत लिहायच्या. ‘४ – चिखल, पाठ. ७ – रक्त, कॉलर. ९ – गवत, उजवी कूस.’ एखादी जर्सी भिजलेली आली तर पुढे ‘ओली’ असंही लिहायचं, कारण ओली आधी सोडवून टांगली नाही तर तिला वास धरतो. इतकी साधी वही. तिच्या पुठ्ठ्यावर काकांनी गंमत म्हणून ‘डागांची वही’ असं लिहून ठेवलं होतं.

दुकानात एक मशीन होतं, पण ते जुनं आणि मानी. चिखलाचे कपडे त्याला चालत नसत. एकदा घाईघाईत तसेच आत लोटले, तर त्याने आठ दिवस अबोला धरला. त्यामुळे जर्सींचं पहिलं धुणं हातानंच, सोड्याच्या आणि थंड पाण्याच्या तीन टबांत. मावशींच्या बोटांना पेरापेरांवर भेगा पडल्या होत्या. थंडीच्या दिवसांत त्या भेगा उकलायच्या आणि मग चहाचा कप धरतानाही मावशी तो दोन्ही तळव्यांत धरायच्या. याबद्दल त्या कुणाजवळ कुरकुरल्या नाहीत. कुरकुरून हात बरे होत असते तर जगात मलम विकलं गेलं नसतं, असं त्यांचं म्हणणं.

तर त्या वर्षी हंगाम निम्म्यावर आला होता. बावीसपैकी अकरा सामने झाले होते आणि बारा संघांत आपला संघ सातवा होता. सातवा म्हणजे धड रडताही येत नाही आणि हसताही येत नाही. एका मंगळवारी दुपारी संघाचे प्रशिक्षक दुकानात आले. ते शाळेत भूगोल शिकवत. सगळे त्यांना सर म्हणत.

"मावशी, तुमची ती वही जरा बघायला मिळेल का?"

"डागांची? का, कुठली जर्सी खराब झाली का माझ्याकडून?"

"छे हो." सर काउंटरवर कोपर टेकवून उभे राहिले. "अध्यक्षांना प्रत्येक खेळाडूचे दहापैकी गुण हवेत. येत्या सोमवारी बैठक आहे. तळाच्या तिघांना निरोप द्यायचा आणि त्यांच्या जागी नवे घ्यायचे, असं ठरलंय. आता मी अकराच्या अकरा सामने पाहिले, पण खरं सांगू? मी चेंडूच पाहिला. चेंडू जिकडे, डोळे तिकडे. बाकीचे त्या वेळी काय करत होते, ते देवाला ठाऊक."

"देवाला आणि मला," मावशी म्हणाल्या, आणि आपण काय बोलून गेलो म्हणून त्यांनी जीभ चावली.

"म्हणूनच आलोय," सर न हसता म्हणाले. "निम्मे गुण माझे, निम्मे तुमचे. शुक्रवारपर्यंत द्याल?"

एकोणीस वर्षांत क्लबाच्या माणसाने मावशींना एकच प्रश्न विचारला होता: कपडे कधी मिळतील? त्यामुळे सर गेल्यावर त्या बराच वेळ हातात ब्रश घेऊन नुसत्या उभ्या राहिल्या. मग त्यांनी केस नीट केले, जणू कुणी फोटो काढायला येणार होतं.

तीन दिवस जेवणानंतर मावशी काउंटरवर वही उघडून बसल्या. काम त्यांनी असं मन लावून केलं की परीक्षकांनी येऊन शिकावं. पावसात खेळलेले दोन सामने त्यांनी बाजूला काढले, कारण पावसात उभा राहणाराही मळतो आणि धावणाराही. गोलकीपरच्या अंगावरचा चिखल त्यांनी निम्माच धरला. गोलसमोरची जागा बाराही महिने उखणलेली असते, तिथे तो लोळला नाही तर काय करेल? शेवटची वीस मिनिटं खेळायला उतरणाऱ्याकडून त्यांनी वीस मिनिटांच्याच डागांची अपेक्षा ठेवली. मग त्यांनी काकांना विचारलं, "अहो, कुठला सामना कुणाशी झाला, सांगा बरं." काकांनी यादी घडाघडा म्हणून दाखवली. पहिल्या पाचांतले चार सामने तगड्या संघांशी आणि तेही त्यांच्या मैदानावर झाले होते. "मग पहिल्या महिन्यात हरले म्हणून पोरांना हिणवायचं काही कारण नाही," मावशी म्हणाल्या. "चढावर धापा टाकणाऱ्याची आणि उतारावर पळणाऱ्याची बरोबरी कशी करायची?"

सगळं जमत आलं. अडलं ते तीन नंबरपाशी.

तीन नंबर म्हणजे फरशीवाला. वय चौतीस, संघातला सगळ्यांत थोरला, आणि डाव्या बाजूने बचाव करायचा. पोटापाण्याला फरशी बसवायचा. तीन वर्षांपूर्वी मावशींच्या धुण्याच्या जागेची फरशी त्यानेच बसवली होती. आठ दिवस खाली मान घालून काम केलं, आणि उतार असा साधला की तांब्याभर पाणी कुठेही ओता, ते न सांगता मोरीकडे जातं. मावशींना त्या माणसाचं फार कौतुक. पण वहीत त्याच्या नंबरापुढे अकरा वेळा एकच नोंद होती: ‘३ – स्वच्छ, ओली.’ बाकीचे कुणी छातीवर चिखल आणतायत, कुणी कोपर फोडून घेतायत, आणि हा आपला अकरा सामने इस्त्रीच्या कपड्यांसारखा कोरा! चौतीस वर्षांचं शरीर, बिचारा थकला असेल, असं म्हणून मावशींनी त्याला चार गुण दिले. मग त्यांना वाटलं, आपल्या ओळखीचा म्हणून तर चार दिले नाहीत ना? आपल्या माणसाला झुकतं माप दिलं तर वहीची अब्रू ती काय राहिली? त्यांनी अर्धा गुण कापला. साडेतीन. सोळा जणांत तळाला.

शुक्रवारी सर आले, कागद घेतला, वाचला आणि म्हणाले, "मावशी, शाळेत मला इतका नीट निकाल कधी लावता आला नाही." मावशी दिवसभर गुणगुणत होत्या.

संध्याकाळी इस्त्री करता करता काकांनी विचारलं, "तीन नंबरला किती दिलेस गं?"

"साडेतीन."

काकांनी इस्त्री उभी केली. "साडेतीन? अगं, गेल्या रविवारी तो गोलसमोरच्या चिखलात असा पडला होता, की चेंडू कुठला आणि त्याचं डोकं कुठलं हे कळेना!"

"तुम्हाला काय, सगळेच पडलेले दिसतात."

"म्हणजे मी थापा मारतो?"

"थापा नाही. फुगवून सांगता."

"फुगवायला तरी आत काहीतरी लागतं की नाही?" एवढं बोलून काका गप्प झाले, आणि त्यांनी एक शब्दही वाढवला नाही. फुगवून सांगणारा माणूस गप्प बसला की घरातल्यांनी सावध व्हावं. मावशी झाल्या.

त्यांनी वही पुन्हा काढली. तीन नंबरच्या नोंदी एकाखाली एक वाचल्या. स्वच्छ, ओली. स्वच्छ, ओली. आजवर त्यांचं लक्ष ‘स्वच्छ’ या शब्दावर होतं. आता पहिल्यांदाच ते ‘ओली’वर गेलं. घामाने ओली म्हणावी, तर पोतं क्लबात रात्रभर पडून असतं आणि बाकीच्यांच्या जर्सी सकाळपर्यंत पुठ्ठ्यासारख्या कडक होऊन येतात. कडक उन्हातल्या सामन्यानंतरही ही एकटीच ओली कशी? मावशी उठल्या. धुतलेल्या गठ्ठ्यातून त्यांनी तीन नंबरची जर्सी ओढून काढली आणि उजेडात धरली. कॉलरची पांढरी पट्टी मातकट झाली होती. दोन महिने त्या यावरून कापडवाल्याच्या नावाने बोटं मोडत होत्या. पण हा दोष कापडाचा नव्हता. ओला चिखल चोळून चोळून धाग्यात बसला होता.

"अहो," मावशी म्हणाल्या, "हा मला जर्सी धुऊन पाठवतोय."

रविवारी खानावळीची कापडं टबात भिजत टाकून मावशी मैदानावर गेल्या. सामना बघायला नव्हे. त्या पोचल्या तेव्हा शेवटची शिटी वाजून गेली होती आणि लोक बाहेर पडत होते. मैदानामागे कपडे बदलायची खोली, तिच्या पाठीमागे एक नळ, आणि नळाशेजारी चुन्याची पोती. मावशी पोत्यांच्या आडोशाला उभ्या राहिल्या. पोरं हसत खिदळत निघून गेली. बऱ्याच वेळाने मागचं दार उघडलं आणि फरशीवाला एकटाच बाहेर आला. त्याच्या हातात जर्सी होती, आणि ती जर्सी म्हणजे मैदानाचा एक तुकडाच होता: छातीवर चिखलाचा थर, डाव्या बाहीवर चुना, खांद्यावर गवताचा हिरवा ओरखडा. इकडे तिकडे बघून तो नळाखाली उकिडवा बसला, जसा फरशी बसवताना बसतो, आणि खिशातून साबणाची चिपटी काढून चोळायला लागला.

मावशींनी वाटेत काय काय बोलायचं ठरवलं होतं. त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही. तोंडातून निघालं ते असं:

"अरे गाढवा, ओला चिखल चोळतात का कुणी!"

फरशीवाला ताडकन उठला आणि जर्सी पाठीमागे लपवून उभा राहिला. चौतीस वर्षांचा बाप्या, आणि चोरून साखर खाताना सापडल्यासारखा चेहरा.

"दर सामन्यानंतर धुतोस?"

त्याने मान खाली घातली.

"का रे?"

"काही नाही मावशी, असंच."

"असंच कुणी थंड पाण्यात हात घालत नाही. मला विचार."

त्याने नळ बंद केला आणि म्हणाला, "तुमच्याकडे फरशी बसवत होतो ना, आठ दिवस तुमचे हात बघत होतो. आमचेही सिमेंटने तसेच होतात. मला माहितीये कशी आग होते ती. तेव्हापासून मनात होतं. यंदा हंगाम सुरू होतानाच थंडी पडली, तेव्हा म्हटलं, सोळातली एक तरी कमी."

"मला सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात. आणि पोरं हसली असती."

मावशींना तिथेच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. ज्याने आपले हात पाहिले, त्याचे कष्ट आपल्याला दिसले नाहीत. आणि दिसले नाहीत ते त्याने आपले हात पाहिले म्हणूनच. त्यांनी त्याला सगळं सांगून टाकलं. सरांचा कागद, उद्याची बैठक, तिघांना निरोप, चार गुण आणि त्यातून कापलेला अर्धा, काहीही लपवलं नाही.

फरशीवाला रागावेल, असं त्यांना वाटलं होतं. तो जर्सी पिळत राहिला. "बारा वर्षं झाली इथे," तो म्हणाला. "या वयात दुसऱ्या क्लबात कोण घेणार? आठवडाभर मी उकिडवा बसून जमिनीकडे बघत असतो, मावशी. रविवारी दीड तास तेवढी मान वर असते." थोड्या वेळाने त्याने मान वर करून पाहिलं. "पण हे नळाचं तुम्ही कुणाला सांगू नका. कपडे धुतो म्हणून जागा राहिली, असं नको. खेळतो म्हणून राहिली तर राहू दे."

"नाही सांगत," मावशी म्हणाल्या. ते बोलणं अगदी न्यायाचं होतं आणि त्यामुळे पुढचं फार अवघड होऊन बसलं होतं.

अध्यक्षांची बेकरी होती आणि बैठक बेकरीच्या मागच्या खोलीत, मैद्याच्या पोत्यांमध्ये भरायची. सोमवारी संध्याकाळी मावशी तिथे गेल्या तेव्हा टेबलाशी अध्यक्ष आणि सर बसले होते, आणि मध्ये तो कागद होता. अध्यक्षांनी स्टूल पुढे केलं. "या मावशी! तुमच्या वहीचीच तारीफ चालली होती."

"त्यासाठीच आलेय," मावशी म्हणाल्या. "तीन नंबरचे माझे गुण खोडा."

"खोडून किती करू? सहा? सात?"

"किती नको. तिथे ‘माहीत नाही’ असं लिहा."

अध्यक्षांनी चष्मा कपाळावर चढवला. "माहीत नाही? अहो, तुमच्या वहीत अकरा नोंदी आहेत."

"आहेत. त्या चुकीच्या आहेत. त्याच्या जर्सीवरचे डाग माझ्यापर्यंत पोचलेच नाहीत. त्यात त्याने खेळात काही कसूर केली असं नाही, एवढंच सांगते. कारण विचारू नका, मी शब्द दिलाय."

"बरं, नाही विचारत. पण मला एक सांगा, मावशी." अध्यक्ष वाईट माणूस नव्हते, पण बेकरीवाले होते, एक पाव कच्चा निघाला की सगळी भट्टी तपासायची, ही त्यांची शिस्त. "एका ठिकाणी वही चुकली, तर बाकी पंधरा ठिकाणी ती बरोबर कशावरून?"

मावशींचे कान तापले. शुक्रवारपासून आजपर्यंत त्या या गावातल्या कुणीतरी होत्या. आता पुन्हा कपडे कधी मिळतील, एवढंच विचारण्याजोग्या होणार होत्या. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

"पंधरा बरोबर आहेत असं मला वाटतं," त्या म्हणाल्या. "पण शुक्रवारी मला सोळाही बरोबर वाटत होते. तेव्हा तुम्ही माझे सगळेच गुण खोडा."

बोलताना त्यांनी हात टेबलावर ठेवले होते. सरांची नजर त्या हातांवर गेली आणि तिथेच थांबली. भूगोलाच्या माणसाला भेगा वाचता येतात. त्या भेगांकडे बघता बघता सर हळूच म्हणाले, "डाग पोचलेच नाहीत... तरीच तो रविवारी सगळ्यांत शेवटी निघतो. मला वाटायचं, आंघोळीला वेळ लावतो. त्या मागच्या नळावर..."

"सर, मी काही बोलले नाहीये हं!" मावशी घाईघाईने म्हणाल्या.

"नाही, तुम्ही काहीच बोलला नाहीत," सर म्हणाले, आणि अध्यक्षांना त्यांनी दोन वाक्यांत सगळं सांगून टाकलं.

"पण तेवढ्यावरून त्याला ठेवू नका," मावशी म्हणाल्या. "त्यालाच ते नकोय. खेळ बघा."

मग सरांनी आपली वही काढली. आपल्यावर झालेले गोल त्यात नकाशासकट काढलेले होते, भूगोलवालेच ते. त्या अकरा सामन्यांत चौदा गोल झाले होते. सरांनी पेन्सिलीने मोजलं, पुन्हा मोजलं. उजवीकडून आठ, मधून चार, आणि डावीकडून, जिथे फरशीवाला उभा असतो तिथून, दोन.

"झालेले गोल मी लिहिले," सर म्हणाले. "न झालेले कोण लिहिणार? त्याला मीसुद्धा पाचच दिले होते, मावशी. तुमचे गुण खोडायचे तर माझेही खोडा."

शेवटी अध्यक्षांनी सगळा कागदच घडी करून खिशात ठेवला. हंगाम संपेपर्यंत कुणालाच निरोप द्यायचा नाही, असं ठरलं. उरलेल्या सामन्यांत आपण चेंडू बघणारच नाही, अशी सरांनी प्रतिज्ञा केली. यावर अध्यक्ष म्हणाले, "मग गोल झाला की मी तुम्हाला सांगत जाईन." निघताना त्यांनी मावशींच्या हातात एक पाव ठेवला, गरम होता. मावशींनी तो घरापर्यंत दोन्ही तळव्यांत धरून नेला.

पुढच्या सोमवारी सकाळी क्लबाचं पोतं आलं. मावशींनी पायरीवरून उचललं तर नेहमीपेक्षा जड लागलं, आणि खालून पाण्याची धार. पोतं आत नेऊन त्यांनी धुण्याच्या जागेत उपडं केलं. एक नंबर ओली. दोन नंबर ओली. चार, पाच, सहा, सगळ्या ओल्या. सरांच्या पोटात गोष्ट राहिली नव्हती. नळ एक आणि माणसं पंधरा. कुणी बादलीत, कुणी डबक्यात, कुणी कुठे, पण झाडून सगळ्यांनी आपापली जर्सी चोळली होती. ओला चिखल पंधरा जर्सींच्या धाग्याधाग्यांत मुरवून, पोरांनी आपलं प्रेम मावशींच्या दारी पोचतं केलं होतं. चिखल वाळवून झटकला असता तर अर्ध्या दिवसाचं काम. आता चार दिवसांची निश्चिंती.

"अरे देवा," मावशी म्हणाल्या, "भीक नको पण कुत्रं आवर!"

तळाशी एक जर्सी कोरडी ठणठणीत होती. तीन नंबरची. बोलणी खाल्लेला तेवढा एकच शहाणा झाला होता. तिच्यावरचा चिखल नीट वाळून कडक झाला होता, हात न लावलेला.

मावशी फरशीवाल्याने बसवलेल्या फरशीवर बसल्या. वही मांडीवर घेतली आणि लिहायला लागल्या. पंधरा नंबरांपुढे पंधरा वेळा: ‘स्वच्छ, ओली.’ आणि मध्ये: ‘३ – चिखल, छाती, पाठ, दोन्ही कोपरं. चुना, डावी बाही. गवत, खांदा. रक्त थोडं, कॉलर.’ लिहून झाल्यावर त्यांनी पान लांब धरून पाहिलं. आज गुण द्यायला बसलं असतं तर तीन नंबरला दहापैकी दहा आणि उरलेल्या पंधरा जणांना साडेतीन. मावशींना हसू आलं. हसता हसता डोळ्यांना धारा लागल्या, आणि भेगाळलेल्या बोटांनी त्या पुसायला गेल्या तर बोटं झोंबली.

काका इस्त्री टाकून धावत आले. "काय झालं गं?"

"काही नाही." मावशींनी वही मिटली आणि ब्रश उचलला. आधी तीन नंबर घेतली. वाळलेला चिखल हात लावताच सुटा होऊन खाली पडायला लागला. "अहो, येत्या रविवारची कापडं खानावळीतून शनिवारीच घेऊन या. मी येणारे तुमच्याबरोबर."

"तू? सामन्याला?" काकांचा विश्वास बसेना. "पुन्हा गुण द्यायचेत की काय?"

"नाही हो," मावशी म्हणाल्या. "नुसतं बघायचंय त्यांना."